येमेनी हॉटेलात मंदीच्या पलीकडे काय मागवावं?

वाळवंटी

नमस्कार मंडळी. मंदी, म्हणजे बंद भट्टीत शिजवलेलं मांस आणि भात, आता आपल्याकडच्या खवय्यांना नवी राहिलेली नाही. हैदराबादेत रुजली, तिथून पुण्या-मुंबईत पसरली आणि इथे आखातात तर ती कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. माझी तक्रार मंदीबद्दल नाहीच. येमेनी हॉटेलात शिरलेला आपला माणूस मंदी मागवतो, मंदी खातो आणि बाहेर पडतो. त्याच हॉटेलातले येमेनी गिऱ्हाईक मात्र शेजारच्या टेबलावर वेगळंच काही जेवत असतं. ते वेगळं काय, हे सांगावं म्हणून हा धागा.

मी दुबईत देरा भागात कामाला आहे. तिथल्या गल्ल्यांत साधी येमेनी हॉटेलं आहेत. दुपारी बाराच्या पुढे तिथे सलता आणि फहसा सुरू होतात. हे दुपारचंच जेवण. सना आणि उत्तर येमेनच्या डोंगराळ भागात घरोघरी हेच असतं. रात्री गेलात तर बऱ्याच ठिकाणी मिळणार नाही, म्हणून वेळ सांभाळून जा.

भटारखाना बहुधा समोरच असतो. मोठ्या आवाजात पेटलेल्या शेगड्यांची ओळ, त्यांवर काळी दगडी भांडी. आचारी ती हाताने धरत नाही. एका हातात लोखंडी पकड, दुसऱ्या हातात पळी. भांड्यात आधी मरक म्हणजे मांसाचा रस्सा, त्यात बटाटा, टोमॅटो, कधी भेंडी, कधी फोडलेलं अंडं, थोडा खिमा. सगळं रटरटायला लागलं की वरून हुल्बा घालतात. हा मेथीचा फेटलेला पांढुरका फेस. भांडं टेबलावर येतं तेव्हाही उकळतच असतं आणि फेसाखालून बुडबुडे फुटत असतात. ही झाली सलता. फहसात भाज्या नाहीत. त्यात मांस इतकं शिजलेलं असतं की घोटून त्याचे धागे होतात.

सोबत मुलव्वा. तंदूरच्या भिंतीला थापून भाजलेली ही रोटी ताटात मावत नाही, म्हणून कागद अंथरून सरळ टेबलावरच ठेवतात. चमचा विसरा. रोटीचा तुकडा तोडायचा, फेस आणि रस्सा एकत्र उचलायचा, खायचं. जिभेला चटका बसतो, तरी थांबवत नाही. बाजूला सहावक असतं: टोमॅटो, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर यांचं ताजं वाटण. बसल्या बसल्या मरकची वाटी आणि लिंबाची फोड येते, त्याचे बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे घेत नाहीत.

एकदा तरी दुपारी जा आणि फहसा मागवा. मग मंदीबद्दल बोलू.

तर्रीबाज

तोंडाला पाणी सुटणारा धागा! फोटो कुठेत? फोटोशिवाय असले धागे काढायला बंदी पाहिजे.

एक शंका. मेथीचा फेस कडू नाही लागत का? आमच्या घरी बाळंतिणीच्या मेथीच्या लाडवालाच अर्धी मंडळी तोंड फिरवतात.

वाळवंटी

नाही लागत, आणि सगळी करामत तिथेच आहे. मेथीची पूड भरपूर पाण्यात चारपाच तास किंवा रात्रभर भिजत ठेवतात. पूड खाली बसते, कडूपणा वरच्या पाण्यात उतरतो. ते पाणी हलकेच ओतून टाकायचं. खाली चिकट, पिवळसर लगदा उरतो. तो हाताने किंवा काट्याने फेटत राहायचं. हळूहळू रंग फिका होतो, लगदा फुगतो. मग त्यात थोडं सहावक, लिंबू, मीठ. मागे राहतो तो मेथीचा वास आणि अगदी किंचित कडसरपणा. चरबीदार रश्श्यावर तो हवाच असतो. हुल्ब्याशिवाय सलता म्हणजे नुसता रस्सा.

फोटो संध्याकाळी डकवतो.

सुगरणीचा खोपा

छान लिहिलंय. माझा प्रश्न नेहमीचाच. मी शाकाहारी, नवरा आणि मुलगा सगळं खाणारे. असल्या हॉटेलात मी काय करायचं? कोशिंबीर आणि रोटी खाऊन उठायचं का?

वाळवंटी

मुळीच नाही. तुम्ही सकाळी जा. येमेनी न्याहारीत तुमच्यासारख्यांसाठी बरंच आहे. फसूलिया म्हणजे पांढऱ्या राजम्याची कांदा-टोमॅटो-मिरचीतली भाजी, तीही दगडी भांड्यातून उकळत येते. फूल म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची घोटलेली उसळ. अदस म्हणजे मसूर. अंडी चालत असतील तर शकशूका. सोबत गरम रोटी आणि सहावक. पोट तुडुंब भरतं.

शफूत मिळालं तर सोडू नका. लहूह नावाची आंबवलेल्या पिठाची जाळीदार पोळी असते, दिसायला थेट आपली आंबोळी. ती ताकासारख्या पातळ दह्यात भिजवतात. दह्यात कोथिंबीर, पुदिना, मिरची, लसूण वाटलेलं असतं. थंडगार खायचं. रमजानात इफ्तारला येमेनी घरात हे असतंच.

सांभाळायचं कुठे, तेही सांगतो. सलतात वरून मांस दिसत नसलं तरी रस्सा बहुधा मांसाचाच असतो. मंदीचा नुसता भात मागवू नका, तो मांसाच्या रसातच शिजतो. फसूलियातही कुठे कुठे खिमा घालतात. मागवण्याआधी विचारा. माणसं नीट सांगतात, कुणी राग मानत नाही.

सुगरणीचा खोपा

हे फारच कामाचं झालं. वाचनखूण साठवली.

औरंगपुरा

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. आम्ही मराठवाड्यातले. आमच्याकडे चाऊस आडनावाची माणसं गावोगाव आहेत. नांदेड, परभणी, जालना, संभाजीनगर कुठेही जा. यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत आलेले अरब शिपाई, आणि त्यातले बहुतेक येमेनच्या हद्रमौत प्रांतातले. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे ही घरं इथेच रुजली. आज ती दखनी बोलतात, मराठी बोलतात, शेती करतात, दुकानं चालवतात.

लहानपणी शेजारच्या चाचांकडून रमजानात हरीसचा डबा यायचा. गहू आणि मांस तासन्‌तास शिजवून घोटलेलं, वर साजूक तुपाची धार. मसाला जवळजवळ नाहीच. आई त्या डब्यात परत पुरणपोळ्या घालून पाठवायची, कारण रिकामा डबा परत करायचा नाही हा दोन्ही घरांचा नेम. तेव्हा ते पातेलं कुठल्या देशातून आलं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुढे जेद्दाला एका येमेनी हॉटेलात हरीस खाल्ला आणि पहिल्याच घासाला शेजारचं घर आठवलं. चव तीच होती.

म्हणून माझ्यासाठी हे परदेशी जेवण नाही.

चारमिनारपल्याड

औरंगपुरा, अगदी. हैदराबादेत बारकस म्हणून भाग आहे, चांद्रायणगुट्ट्याच्या पुढे. निजामाच्या अरब पलटणीच्या बराकी तिथे होत्या, त्यावरूनच नाव पडलं. आजही तिथे हद्रमी वंशाचे लोक राहतात. पुरुष लुंगी नेसून फिरताना दिसतात, तीही तिकडचीच पद्धत. बारकसचा हरीस अजूनही साधाच असतो. याच हरीसमध्ये इथे डाळी आणि गरम मसाला पडला आणि हलीम झालं. त्या हैदराबादी हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हैदराबादेत मंदीची हॉटेलंही आधी बारकसलाच निघाली, मग शहरभर झाली.

आणि गंमत बघा, उमर बिन अवद अल-कुऐती नावाचा हद्रमी गृहस्थ निजामाच्या फौजेत जमादार होता. इथे कमावलेल्या पैशावर त्याच्या घराण्याने हद्रमौतमध्ये राज्य उभं केलं. मुकल्ला ही त्यांची राजधानी, आणि ते राज्य १९६७ पर्यंत टिकलं. म्हणजे वाट एकतर्फी नव्हती. माणसं इकडे आली, पैसा आणि चवी तिकडे गेल्या.

जुनी पोथी

चर्चा इतिहासाकडे वळलीच आहे तर थोडी भर.

मराठेशाहीच्या उत्तरकाळात अरब शिपायांना मोठा मान होता. १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा आत लढणारे अरबच होते. नागपुरातही १८१७ च्या अखेरीस त्यांनी शहर सहजी सोडलं नाही.

दुसरी गोष्ट एडनची, म्हणजे अदनची. इंग्रजांनी हे बंदर १८३९ मध्ये घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. तिथे रुपया चालायचा, आणि तो १९५१ पर्यंत चालला. मुंबईचे व्यापारी, कारकून, पारशी दुकानदार, शिपाई तिथे राहत होते. या सगळ्याचा ठसा अदनच्या ताटात आहे. झुरबियान म्हणून अदनचा भात आहे. दही लावलेलं मांस, तळलेला कांदा, बटाटा, केशर आणि भाताचे थर. बिर्याणी खाणाऱ्याला नातं सांगावं लागत नाही. हद्रमौतची मंदी आणि अदनचा झुरबियान शेजारी ठेवून खा. एकात वाळवंटातल्या भट्टीचा साधेपणा आहे, दुसऱ्यात बंदरावर उतरलेले मसाले.

अदन म्हटलं की मराठी माणसाला आधी वासुदेव बळवंत फडके आठवायला हवेत. आद्य क्रांतिकारक तिथल्याच तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ ला वारले. अदनी चहाचा पेला हातात आला की माझ्या मनात हे येतंच.

तर्रीबाज

जुनी पोथी, भारी प्रतिसाद. फडक्यांचं माहीत होतं, पण अदनचा कारभार मुंबईहून चालत होता हे नव्हतं. अदनी चहा काय असतो?

जुनी पोथी

कडक काळा चहा, आटवलेलं दूध, वेलची, लवंग, कधी जायफळ. आखातात जो करक चहा मिळतो त्याच कुळातला. जेवणानंतर जड वाटत असेल तर हाच मागवा.

डेट्रॉइटकर

इथे मिशिगनमध्ये डिअरबॉर्न आणि हॅमट्रॅमकला येमेनी वस्ती मोठी आहे. मोटारींच्या कारखान्यांत कामाला म्हणून आधीच्या पिढ्या आल्या. आमच्या मराठी मंडळातले बरेच जण शनिवार-रविवारी तिकडे जेवायला जातात. इथलं गाजतं ते हनीथ. कोकराचं मांस झाकून, मंद आचेवर तासन्‌तास भाजतात आणि वेगळ्या शिजवलेल्या भातावर ठेवून आणतात. मंदी, हनीथ आणि मझबी यांत नवखा माणूस गोंधळतो, म्हणून थोडक्यात सांगतो. मंदीत भात खाली आणि मांस वर, एकाच बंद भट्टीत. हनीथ झाकून भाजलेलं, भाताशी त्याचा संबंध ताटात आल्यावर. मझबी तापलेल्या दगडांवर भाजलेलं. चिकनची मझबी घ्या, कडेला जळकी खमंग साल येते.

गेल्या काही वर्षांत इथे येमेनी कॉफीची दुकानंही खूप निघाली आहेत, रात्री उशिरापर्यंत भरलेली असतात. दारू नाही, गोंगाट नाही, तरुण मुलं-मुली अभ्यासाला बसतात, कुटुंबं गप्पा मारतात. कॉफीचा जगभरचा व्यापार एके काळी लाल समुद्रावरच्या मोखा बंदरातून चालायचा. चिकमगळूरला कॉफी नेणारे बाबा बुदन यांनीही बिया तिथूनच आणल्या अशी परंपरा आहे. तिथे गेलात तर किश्र मागवा. कॉफीच्या बियांवरची वाळवलेली सालं आलं घालून उकळतात. रंग चहासारखा, चव आल्याच्या काढ्याकडे झुकणारी, पण फळाचा गोडवा असलेली. कॉफीचा कडूपणा अजिबात नाही.

नवा पाहुणा

मी इथे नवीन आहे. प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा नाही. पाटीवर 'हलाल' लिहिलेलं असतं, त्याने जेवणात नेमका काय फरक पडतो?

वाळवंटी

चांगला प्रश्न. जनावर कापताना अल्लाहचं नाव घ्यायचं, गळ्यावर धारदार सुरी फिरवायची आणि रक्त पूर्ण वाहू द्यायचं. डुकराचं मांस आणि दारू स्वयंपाकघरात नाही, म्हणजे चवीपुरती वाइनही नाही. येमेनमध्ये हे वेगळं लिहावं लागत नाही, सगळं तसंच असतं. पाटी लागते ती परदेशात, जिथे गिऱ्हाइकाला खात्री हवी असते. एरवी तुम्हाला जाणवणारा फरक एवढाच की जेवणासोबत बिअर मिळणार नाही. ताक, लिंबूपाणी, चहा मिळेल.

हॉटेलाची रीत थोडी वेगळी असते. बऱ्याच ठिकाणी कुटुंबासाठी पडदे लावलेल्या खोल्या असतात. खाली गालिचा, पाठीला लोड, मधे प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर एकच मोठी परात. सगळे आपापल्या बाजूने, उजव्या हाताने खातात. समोरच्याच्या बाजूचं मांस ओढायचं नाही. यजमान चांगला तुकडा तोडून पाहुण्यासमोर सरकवतो, तो घ्यायचा.

पातेलंभर

मंदी खरी की खोटी हे कसं ओळखायचं? आमच्या शहरात चार ठिकाणी खाल्ली, प्रत्येक ठिकाणी वेगळी.

चारमिनारपल्याड

मूळ पद्धतीत जमिनीत खोल भट्टी असते. तळाशी लाकडाचे निखारे, त्यावर भाताचं पातेलं, त्याच्यावर जाळीत मांस. तोंड झाकून बंद करायचं. मांसातून गळणारा रस आणि चरबी थेंबाथेंबाने भातात पडते, धूर आतच कोंडतो. शहरात एवढी सोय सगळ्यांना जमत नाही. मग मांस एकीकडे, भात दुसरीकडे, आणि शेवटी वाटीत निखारा ठेवून त्यावर तूप सोडायचं. आपण धुंगार देतो तसंच. त्यात वाईट काही नाही, नीट केलं तर छान लागतं.

पण फरक कळतो. भट्टीतल्या भाताचा प्रत्येक थर वेगळा असतो, वरचा तेलकट आणि गडद, खालचा मोकळा. मांसावर मसाल्याचा लेप नसतो. वेलची, लवंग, दालचिनी, मिरी आणि सुकवलेलं लिंबू, एवढ्यावर भागतं. तिखट हवं असेल तर सहावक वेगळं असतंच. मंदीवर लालभडक मसाला किंवा मेयोनेज थापून आणलं की समजा, ते आपल्या गिऱ्हाइकासाठी बदललेलं आहे.

औरंगपुरा

मेयोनेजबद्दल शंभर वेळा अनुमोदन. एवढा नाजूक भात, त्याला हवं ताजं सहावक. त्यावर ते पांढरं थापायचं कशाला?

सुगरणीचा खोपा

घरी करण्यासारखं काय आहे यातलं?

वाळवंटी

सहावक आजच करा. दोन पिकलेले टोमॅटो, तीन-चार हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, मूठभर कोथिंबीर, अर्धा चमचा जिरं, मीठ. पाट्यावर किंवा खलबत्त्यात ओबडधोबड वाटा. मिक्सर लावलाच तर थांबत थांबत फिरवा, पाणी घालू नका. शिजवायचं नाही, फोडणी नाही. ज्वारीच्या भाकरीसोबतही उत्तम लागतं, आमच्या घरी रोज संपतं.

हवायिज मसालाही सोपा: जिरं, मिरी, धणे भाजून, त्यात हळद आणि थोडी वेलची, सगळं बारीक कुटायचं. डाळीत, भाजीत, सुपात चालतो. तुमच्या फसूलियात हाच घाला.

गोडात बिंत अल सहन जमलं तर बघा. तूप लावत पातळ पोळ्यांचे थर एकावर एक रचायचे, वर कलौंजी भुरभुरायची, भट्टीत भाजायचं आणि गरम असतानाच वर मध ओतायचा. येमेनमध्ये हे जेवणाच्या सुरुवातीलाही ठेवतात. हद्रमौतच्या दोआन खोऱ्यातला बोराच्या झाडाचा मध त्यासाठी नावाजलेला, पण तो फार महाग. आपला कुठलाही चांगला मध चालेल.

जुनी पोथी

एक गोष्ट या धाग्यात यायला हवी. २०१४ पासून येमेन युद्धात भरडला गेलाय. लागणाऱ्या गव्हातला सुमारे ९० टक्के बाहेरून आणावा लागतो, आणि बंदरं अडली की सामान्य घरात रोटीचाच प्रश्न उभा राहतो. कैरो, अम्मान, इस्तंबूल, क्वालालंपूर इथे गेल्या दहा वर्षांत एवढी येमेनी हॉटेलं उघडली, ती घर सोडावं लागलेल्या माणसांनी. ज्यांनी हे पदार्थ जगापुढे आणले, त्यांतल्या अनेकांना स्वतःच्या गावी जाऊन जेवता येत नाही.

वाळवंटी

खरं आहे. मी जातो तिथला भटारी येमेनच्या इब्ब भागातला आहे. गावाविषयी विचारलं की डोंगरातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांबद्दल आणि पावसाबद्दल भरभरून बोलतो. मला सह्याद्रीतलं गाव सांगता येतं, त्यामुळे आमचं जुळतं. हिशेब झाल्यावर रोटी बांधून देतो, पैसे घेत नाही.

पातेलंभर

शेवटची शंका. पुढच्या महिन्यात आई-बाबांना घेऊन दुबईला येतोय. बाबांचे गुडघे दुखतात, आईला तिखट सोसत नाही. त्यांना न्यावं का?

वाळवंटी

जरूर न्या. खुर्ची-टेबल जवळपास सगळीकडे असतं, आत शिरताना सांगा, खाली बसायची सक्ती नाही. आईंसाठी चिकन मंदी किंवा हनीथ, दोन्ही तिखट नाहीत, सहावकची वाटी त्यांच्यापासून लांब ठेवा. बाबांना मरक आवडेल, लिंबू पिळून. माणसं तीन असतील तर एक अर्धी चिकन मंदी, एक फहसा, एक रोटी पुरते. त्याहून जास्त सुरुवातीला मागवू नका, परात बघितल्यावर कळेल. गोडाला मसूब घ्या, केळं आणि रोटी कुस्करून वर साय आणि मध. दोघांनाही चावायला सोपं.

शुक्रवारी दुपारची नमाज सुटली की जागा मिळत नाही. त्या दिवशी बाराच्या आत पोहोचा, नाहीतर शनिवार धरा. आल्यावर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वेळ असेल तर मीही येतो.